गुहागरच्या वाळूत सासऱ्यांचा कॅमेरा

मैत्रिणींनो, कोकणात जायचं ठरलं की आपली यादी सुरू होते. मुलांचे जादा कपडे, दशम्या, लसणाची चटणी, घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी, टॉवेल, जुन्या चपला. या यादीत कॅमेरा नसतो. हल्ली तो ज्याच्या त्याच्या खिशातच असतो, फोनच्या रूपाने! पण गेल्या काही वर्षांत एक गंमत झाली आहे. कपाटात, माळ्यावर, ट्रंकेत पडून राहिलेले रोलचे जुने कॅमेरे मुलं पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. कुणाच्या घरी बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री असेल, एका रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. कुणाच्या घरी आखातात नोकरीला गेलेल्या भावाने आणलेला जपानी कॅमेरा असेल. आणि मुलांना तो न्यायचा असतो नेमका समुद्रावर!

मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, खाऱ्या वाऱ्यात ही नाजूक वस्तू न्यायची नाही. दुसरा म्हणतो, मग कपाटात ठेवून तिची पूजा करायची का? आमच्याकडे हा वाद चांगला महिनाभर चालला. शेवटी कॅमेरा गुहागरला गेला, तीन दिवस राहिला आणि धडधाकट परत आला. तो कसा नेला आणि कसा जपला, ते आज तुम्हाला सांगणार आहे. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत, मोठं ज्ञानही लागत नाही. लोणच्याची बरणी वर्षभर टिकवणाऱ्या बाईला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं.

आमच्याकडचा कॅमेरा माझ्या सासऱ्यांचा. ते शाळेत चित्रकला शिकवत. १९७८ साली त्यांनी तो एका ओळखीच्या माणसाकडून हप्त्याने घेतला होता. जपानी बनावटीचा, छत्तीस फोटोंच्या रोलचा, हातात घेतला की चांगला जड लागणारा. घरातल्या जुन्या अल्बमातला प्रत्येक फोटो त्याचाच. त्यातला एक सासूबाईंच्या विशेष आवडीचा आहे. १९८१ साली गुहागरला काढलेला. सासूबाईंचं माहेर गुहागरचं. फोटोत त्या आणि त्यांची थोरली बहीण वाळूत उभ्या आहेत, दोघींचे पदर वाऱ्याने एकाच बाजूला उडालेले आणि दोघीही कशाला तरी खळखळून हसताहेत.

आता सासूबाई सत्तरीत आहेत. मावशी त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. गुडघ्यांमुळे गुहागर सोडून कुठे जात नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण फोनच्या चकचकीत काचेवरचं त्यांना दिसत नाही. कागदावरचा फोटो मात्र खिडकीशी नेऊन, नाकाजवळ धरून नीट बघतात. २०२३ च्या दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, "ताई आता थकली. तसाच आमचा एक फोटो पाहिजे. ह्यांच्याच कॅमेऱ्यातून." आमच्या थोरलीला तेवढंच हवं होतं. तिने लगेच कपाटातून कॅमेरा काढला.

आमचे हे मात्र तयार होईनात. "बाबांची एवढीच वस्तू राहिलीय. समुद्रावर नेली की संपली," असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. खारं पाणी आत गेलेला कॅमेरा सहसा पुन्हा उभा राहत नाही.

तरी एकदा दाखवून तर आणू, म्हणून आम्ही तो कोल्हापुरात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे नेला. कराडात आता ते काम करणारं कुणी मला सापडलं नाही. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, वरचा आकडा बघितला आणि विचारलं, "आत रोल आहे, माहीत आहे का तुम्हाला?" आम्हाला माहीत नव्हतं. सासरे २००८ साली गेले. त्यांनी एकवीस फोटो काढलेला रोल तेव्हापासून तसाच आत होता!

काकांनी उजेड जाऊ नये म्हणून काळ्या कापडी पिशवीत हात घालून तो रोल बाहेर काढला. मग भिंगावर बॅटरीचा झोत टाकून आम्हाला आत बघायला लावलं. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते. बुरशी! आम्ही कॅमेरा त्याच्या चामडी कव्हरात घालून, वर रुमाल गुंडाळून, कपाटाच्या तळाला ठेवला होता. चामडं दमटपणा धरून ठेवतं. अंधार, कोंदट हवा आणि ओल मिळाली की बुरशीला आणखी काय हवं? काका म्हणाले, "समुद्रानं नाही हो, ह्याला कपाटानं खाल्लाय."

भिंग साफ होऊ शकलं, हे आमचं नशीब. बुरशी फार मुरली की काचेवर कायमचे व्रण पडतात. आणि तो रोल? धुऊन आला तेव्हा एकवीसपैकी अठरा फोटो नुसते धुक्यासारखे होते. ओल आणि उन्हाळे यांनी सगळं पुसून टाकलं होतं. तीन तेवढे ओळखू येत होते. त्यातल्या एकात सासूबाई अंगणात बसून मटार सोलताहेत. तो हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "रागावले होते मी तेव्हा. घरच्या साडीत कसला फोटो काढता, म्हणून." त्या दिवसानंतर आमच्या ह्यांनी कॅमेरा न्यायला हरकत घेतली नाही.

तर मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही की कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. दुसरी गोष्ट समुद्राची. तिथे शत्रू दोन, मीठ आणि वाळू. दोघांचे स्वभाव वेगळे, म्हणून उपायही वेगळे.

मिठाचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते का? मीठ हवेतली ओल ओढून घेतं म्हणून. समुद्रावरचा वारा नुसता वारा नसतो, फुटणाऱ्या लाटांचे डोळ्यांना न दिसणारे थेंब तो बरोबर आणतो. थेंब वाळतो, मीठ मागे राहतं. ते मीठ रात्री पुन्हा ओल ओढतं आणि धातूला खायला लागतं. कोकणातल्या समुद्राकाठच्या घरांचे खिडक्यांचे गज बघा, वर्ष-दोन वर्षांत रंग फुगून गंज डोकावतो. जाड गजाची ही कथा, तर कॅमेऱ्यातल्या केसासारख्या स्प्रिंगांचं काय होईल?

वाळू ओलावर जगत नाही, ती घासते. कॅमेऱ्याचं भिंग पुढे-मागे होताना बारीक आट्यांवरून फिरतं. त्यात एक कण गेला की करकर आवाज येतो. तसा आवाज आला की जोर लावून फिरवायचं नाही, तिथेच थांबायचं. रोलची डबी असते ना, तिच्या फटीला मखमलीची पट्टी लावलेली असते, उजेड आत जाऊ नये म्हणून. त्या मखमलीत वाळूचा एक कण अडकला की रोल सरकताना पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत एक सरळ ओरखडा उठतो. एका कणाने छत्तीस फोटो खराब! आजकाल रोल महाग झालेत आणि धुणावळही. शिवाय फोटो कसा आला हे कळतं घरी परतल्यावर, तेव्हा काही सुधारायची सोय नसते.

म्हणून आमचा पहिला नियम असा होता की समुद्रावर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं नाही, काहीही झालं तरी. रोल घरातच भरायचा. संपला तर मुक्कामाच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, हात धुऊन-पुसून बदलायचा. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालत नाही, तसंच हे.

आम्ही २०२४ च्या २६ जानेवारीला निघालो. सकाळी माझ्या शाळेतलं झेंडावंदन आटोपलं आणि लगेच गाडीत बसलो. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर गुहागर. घाटाच्या अलीकडे अंगावर शाल घेतलेली माणसं चिपळूणला पोचेपर्यंत पंखा शोधू लागतात. हवा अशी एकदम बदलते, हे लक्षात असू द्या. प्रवासात कॅमेरा गाडीच्या डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. त्या उष्णतेने रोलचे रंग बिघडतात आणि कॅमेऱ्यातलं वंगण पातळ होऊन भलत्या जागी पसरतं. आमचा कॅमेरा माझ्या पायाशी होता, चकलीच्या रिकाम्या डब्यात! हसू नका. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा डबा यासाठी अगदी उत्तम. तळाला जुना धुतलेला पंचा, त्यावर झिपच्या पिशवीत कॅमेरा आणि कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या खड्यांच्या चार पुड्या. बुटांच्या खोक्यात, पर्सच्या आत अशा पुड्या मिळतात. आपण त्या फेकून देतो. जपून ठेवा, पण मुलांच्या हाताला लागू देऊ नका. तांदळात कॅमेरा ठेवायचं मात्र मनात आणू नका. तांदळाची भुकटी आत शिरून नवंच दुखणं उभं राहतं.

वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून बाहेर दमट हवेत आलात, तर पिशवी लगेच उघडायची नाही. फ्रिजमधला तांब्या बाहेर काढला की त्याला घाम फुटतो. थंड कॅमेऱ्यालाही तसाच घाम फुटतो, बाहेरून आणि आतूनही. पिशवी बंद ठेवूनच वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी. तो घाम मग पिशवीवर येतो, कॅमेऱ्यावर नाही.

गुहागर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. हे गाव समुद्राला समांतर लांबच लांब पसरलं आहे. मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, कितीतरी कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत. वरच्या पाटात दुर्गादेवी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीत दडलेली घरं. समुद्राच्या अंगाला असलेल्या घराच्या मागीलदाराने, वाडीतून, विहिरीवरून चालत गेलं की सुरूची झाडं लागतात आणि झाडं संपली की एकदम समुद्र! किनारा सुमारे सहा किलोमीटर लांब, जवळजवळ सरळ. मावशींचं घर असंच. रात्री अंथरुणावर पडलं की लाटांचा आवाज घरातच येतो.

फोटो कधी काढायचा, हे मावशींनी ठरवलं. त्यांनी दिनदर्शिका बघितली नाही की फोनही विचारला नाही. "आज प्रतिपदा, उद्या द्वितीया. उद्या दीडला भरती. मग सकाळी सातच्या सुमाराला पाणी खाली जाईल. आठला जाऊ," म्हणाल्या. कोकणातल्या बायकांचा हा हिशेब तुम्हीही लक्षात ठेवा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसा आणि रात्रीही साधारण त्याच वेळेला. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. थोडं इकडेतिकडे होतं, पण सहलीपुरता हिशेब चोख आहे. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला जोर जास्त, हेही विसरू नका.

सकाळची वेळ कॅमेऱ्यासाठी आणखी दोन कारणांनी चांगली. एक म्हणजे वारा. जमीन तापली की दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो, कोरडी वाळू उडवतो, तुषार आत आणतो. सकाळी तो पडलेला असतो. दुसरं कारण उजेडाचं. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की ऊन थेट चेहऱ्यावर येतं. संध्याकाळी तसंच उभं राहिलात तर सूर्य पाठीशी जाऊन चेहरे काळे पडतात. नुसत्या आकृत्या हव्या असतील तर संध्याकाळ उत्तम, पण माणसं ओळखू यायची असतील तर सकाळ.

सकाळी निघताना मी कॅमेऱ्याला त्याचा झगा चढवला. तो असा करायचा. जाड, स्वच्छ आणि पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी. तळाला भिंगाच्या मापाचं भोक पाडावं, थोडं लहानच. आतून भिंग त्यातून बाहेर काढावं आणि कडेवर रबरबँड घट्ट बसवावा. पिशवीचं तोंड आपल्याकडे राहतं, त्यातून दोन्ही हात आत घालून बटण दाबायचं, रोल पुढे सरकवायचा. भिंगावर साधी काच बसवून घ्यावी. दुकानात यूव्ही फिल्टर म्हणून मागा. वाळू-मीठ जे काय लागेल ते त्या काचेला लागू दे. काच बदलता येते, भिंग बदलता येत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच. आणि कॅमेरा धरणाऱ्याने दुसरं काही धरायचं नाही, ना पोराचा हात, ना चपला, ना भेळेचा कागद.

आमच्याकडे हे काम थोरलीचं होतं. मावशींना वाळूत चालवेना. आमच्या ह्यांनी आणि मावसदिरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून ओल्या, घट्ट वाळूपर्यंत नेलं. मावशी म्हणाल्या, "लग्नात नाही उचललं कुणी, आता बघा!" सुरूमागून ऊन वाळूवर यायला सव्वाआठ झाले. सासूबाई खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

या कॅमेऱ्यातला उजेड मोजायचा काटा कधीच बंद पडलाय. कोल्हापूरच्या काकांनी थोरलीला हिशेब लिहून दिला होता. दोनशेच्या रोलला लख्ख उन्हात शटर अडीचशेवर आणि भिंगाचं छिद्र सोळावर. किनाऱ्यावर वाळू आणि पाणी उजेड परत फेकतात, म्हणून भर दुपारी बावीस. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात चेहरा हवा असेल तर अकरा किंवा आठ. रंगीत रोलला थोडा उजेड जास्त झाला तर चालतो, कमी झालेला सोसत नाही. ज्यांच्या कॅमेऱ्यात काटा चालू आहे त्यांनीही सावध राहावं. चकाकणाऱ्या पाण्याला बघून काटा फसतो आणि माणसं काळवंडतात. काटा बघताना कॅमेरा माणसांजवळ न्यावा.

थोरलीने पाच फोटो काढले. सहावा काढायच्या आधी मावशींनी हात पुढे केला. "मला दे. मी काढते हिचा." सगळे बघतच राहिले. मावशी म्हणाल्या, "इतकी वर्षं भाऊजींनी आम्हाला उभं केलं. हातात कधी कुणी दिला नाही." भाऊजी म्हणजे माझे सासरे. थोरलीने पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, बोट बटणावर ठेवून दिलं. त्यांना त्या छोट्या खिडकीतून कितपत दिसलं कोण जाणे! सासूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या आणि बटण दाबलं गेलं. मैत्रिणींनो, तुमच्या अल्बमातही बघा. फोटोत आपण असतो, फोटो काढणारी क्वचितच असते.

तिसऱ्या दिवशी आम्ही हेदवीला गेलो. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन उमामहेश्वराच्या देवळाजवळ समुद्राशी असलेली बामणघळ बघितली. काळ्या खडकात लांब अरुंद भेग आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, कोंडतं आणि फवाऱ्यासारखं उंच उसळतं. त्या दिवशी तृतीया, म्हणजे सव्वादोनची भरती, आणि पौर्णिमा नुकतीच झालेली. पाणी जोरात होतं. तिथे कॅमेरा डब्यातून काढायचाच नाही, असं आधी ठरलं होतं. काही ठिकाणी डोळ्यांनीच बघावं. लांब उभं राहावं, मुलांचे हात धरावेत. ओल्या खडकावर पाय सरकायला क्षण लागत नाही.

तिथून वेळणेश्वरला आलो. नारळींच्या रांगेपुढचा अर्धचंद्राकार किनारा, मागे शंकराचं देऊळ. तिथे पुण्याहून आलेली कॉलेजची मुलं होती. त्यातला एक गुडघे टेकून रोलच्या कॅमेऱ्याने फोटो घेत होता. एक लाट बाकीच्यांपेक्षा पुढे आली आणि मुलगा, कॅमेरा सगळं पाण्यात! बाहेर आल्यावर तो पटापट बटण दाबून बघायला लागला, मागचं झाकण उघडून रोल उन्हात वाळवायचा त्याचा विचार होता. मी अक्षरशः धावले. कोल्हापूरच्या काकांनी यावर आम्हाला अर्धा तास सांगितलं होतं.

तुम्हीही लिहून ठेवा. कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडला तर बटण दाबायचं नाही. सेल असेल तर आधी काढायचा. रोल हळूहळू उलटा गुंडाळून डबीत घ्यायचा, मग सावलीत झाकण उघडून डबी काढायची. आणि आता खरी युक्ती. ती डबी वाळवायची नाही! ओली फिल्म गुंडाळलेली असताना वाळली की थर एकमेकांना चिकटतात आणि सोलताना चित्रासकट निघतात. डबी गोड्या स्वच्छ पाण्यात बुडवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवायची. पाण्यासकट डबा फोटो धुणाऱ्याकडे लवकरात लवकर पोचवायचा आणि काय झालंय ते त्याला स्पष्ट सांगायचं. कॅमेरा बाहेरून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून थेट कारागिराकडे न्यायचा. ना ऊन, ना केस वाळवायचं यंत्र. जितका उशीर, तितकं मीठ आत खात जातं.

आमचा चिवड्याचा डबा रिकामा झालाच होता. त्यात पिण्याचं पाणी घेऊन त्याची डबी बुडवली. मुलगा रडवेला झाला होता. त्याच रोलवर त्याच्या गावच्या जत्रेचे फोटो होते. आठ दिवसांनी त्याने थोरलीला फोनवर कळवलं की कॅमेरा गेला, पण फोटो बरेचसे आले, काहींवर डाग आहेत इतकंच.

समुद्रावरून परत आल्यावरचं कामही महत्त्वाचं. ते रोज रात्री करायचं, घरी गेल्यावर नव्हे. आधी वाळू उडवायची, रबरी फुग्याच्या ब्लोअरने आणि मऊ ब्रशने. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे थेंब उडतात. वाळू असताना फडकं फिरवलं तर तो सँडपेपर झाला. वाळू गेल्यावर मऊ सुती फडकं गोड्या पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळून घ्यावं आणि कॅमेरा बाहेरून पुसावा, म्हणजे मीठ सुटतं. लगेच कोरड्या फडक्याने टिपावं. पुढच्या काचेवर वाळलेले डाग असतील तर ते कोरडे घासू नयेत, मिठाचे खडे ओरखडे काढतात. काच ओलसर कापडाने भिजवून मग टिपावी. पदराने पुसायची आपली सवय इथे चालणार नाही!

घरी आल्यावर कॅमेरा चामडी कव्हरात घालू नका. कव्हर वेगळं ठेवा. कॅमेरा घट्ट डब्यात ओल शोषणाऱ्या खड्यांबरोबर ठेवा. रंगाचे खडे आणलेत तर रंग बदलला की ते बदला. महिन्यातून एकदा बाहेर काढा, पाच-दहा वेळा रिकामं बटण दाबा, खिडकीशी भिंगातून बघा. उपवासाच्या एखाद्या तिथीशी हे काम जोडलं की विसरत नाही. मी संकष्टीला करते.

आमचा रोल कोल्हापूरला धुऊन आला. छत्तीसपैकी एकतीस फोटो चांगले निघाले, ओरखडा एकही नाही. दोघी बहिणींचा फोटो मोठा करून मावशींना पाठवला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि सासूबाईंना फोन केला, "तुझे केस पांढरे झाले गं!" मावशींनी काढलेल्या फोटोत सासूबाईंचं कपाळ वर कापलं गेलंय आणि अर्धा फोटो नुसती वाळू आहे. सासूबाईंनी नेमका तोच मागून घेतला. १९८१ च्या फोटोशेजारी अल्बमात लावलाय.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी कामं आटोपली की कपाट उघडा. घरात असा कॅमेरा असेल तर चामडी कव्हरातून काढा आणि वरचा आकडा बघा. तो शून्यावर नसेल तर झाकण उघडायची घाई करू नका. कुणीतरी काढलेले फोटो आत वाट बघत असतील. जाणत्या माणसाकडे न्या, रोल धुऊन घ्या. नंतर नवा रोल घाला आणि येत्या सुट्टीत समुद्रावर न्या. एक मात्र करा, तो रोल पुरा संपवून, त्याच आठवड्यात धुवायला टाका.